शिमर्दाला बोलायला कोण होतं?

विला कॅथरच्या लिखाणात बोहेमियातून आलेला शेतकरी बाप पुन्हा पुन्हा येतो. १८९२ मध्ये, म्हणजे ती अठरा वर्षांची विद्यार्थिनी असताना, ‘पीटर’ नावाच्या छोट्या कथेत तो पहिल्यांदा आला. १९१८ च्या ‘माय आंतोनिया’ या कादंबरीत तो मिस्टर शिमर्दा झाला. आणि १९३० मध्ये छापून आलेल्या ‘नेबर रोसिकी’ या दीर्घकथेत तो अँटन रोसिकी झाला. पहिले दोघे आत्महत्या करतात. तिसरा म्हातारा होऊन, सुनेने ‘बाबा’ म्हटलेलं ऐकून मरतो.

प्रांत तोच, मायबोली तीच, माणूसही तिन्हीकडे हळवा, संगीत आणि गप्पांची ओढ असलेला. मग एक जगतो आणि एक जगत नाही, असं का?

यावर नेहमी मिळणारं उत्तर स्वभावाचं असतं. शिमर्दा नाजूक होता, कलावंत होता, त्याला ती जमीन झेपली नाही. रोसिकी चिवट आणि समाधानी होता. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. कॅथरने दोन्हीकडे पेरलेले तपशील जवळजवळ ठेवून पाहिले, तर ते वेगळीच गोष्ट सांगतात. कोणाला कोणाशी बोलता येत होतं, याची.

आधी थोडी पार्श्वभूमी. बोहेमिया म्हणजे आजच्या चेकियाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. तेव्हा तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. ‘माय आंतोनिया’ सप्टेंबर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २८ ऑक्टोबरला चेकोस्लोवाकिया स्वतंत्र झाला. म्हणजे या पुस्तकातली माणसं ज्या देशातून आली, तो देश पुस्तक छापलं जात असताना नकाशावर त्या नावाने नव्हता. इकडे अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळत होती. नाममात्र फी भरायची, पाच वर्षं तिथे राहून ती कसायची, की ती तुमची. रेल्वे कंपन्यांकडे सरकारने दिलेली अफाट जमीन होती आणि ती विकायला त्या युरोपभर जाहिराती करत होत्या. ज्यांच्याकडे गावी चार वाफेही नव्हते, त्यांना १६० एकर हा आकडा कसा ऐकू आला असेल!

कॅथर स्वतः १८८३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, व्हर्जिनियाहून नेब्रास्काच्या वेब्स्टर काउंटीत आली. तिथे आल्याबरोबर तिच्या कानावर पडलेल्या गोष्टींत एक होती फ्रान्सिस साडिलेक या बोहेमियन माणसाची. त्याने दोनेक वर्षांपूर्वी, तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात, आत्महत्या केली होती. त्याची मुलगी अ‍ॅना पुढे कॅथरची मैत्रीण झाली, आणि तिच्यावरूनच आंतोनिया आली. म्हणजे ही कथा कॅथरने कल्पनेने रचलेली नाही. ती तिला शेजारची गोष्ट म्हणून मिळाली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तिने ती सोडली नाही.

आता शिमर्दाकडे येऊ.

तो गावाकडे कापड विणणारा होता. भिंतीवर लावायचे, खुर्च्यांना चढवायचे नक्षीदार कापड विणण्यात तरबेज. अमेरिकेला यायचं त्याच्या मनात नव्हतं, बायकोचा हट्ट होता. मुलांना, विशेषतः मोठ्या अंब्रोशला, जमीन मिळावी म्हणून. त्यांनी जमीन घेतली ती निघण्याआधीच, न पाहता, एका लांबच्या नातेवाइकामार्फत. विकणारा होता पीटर क्रायेक नावाचा देशबांधव. त्याने जमिनीचे जास्त पैसे लावले, मरतुकडी जनावरं गळ्यात मारली, जुना स्टोव्हसुद्धा वाजवीपेक्षा महाग विकला. घर म्हणून मिळाली टेकाडाच्या पोटात खणलेली एक खोली.

फसवणूक झाली हे कुटुंबाला लवकरच कळतं. तरी ते क्रायेकला हाकलत नाहीत. का? कारण त्या भागात आलेलं ते पहिलं बोहेमियन कुटुंब आहे आणि क्रायेक हा एकटाच असा माणूस आहे, ज्याला त्यांची भाषाही येते आणि इंग्रजीही. दुकानदार, शेजारी, पोस्ट, सगळ्या जगाशी बोलायची वाट त्याच्यातून जाते. माझ्या कामात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात: सगळी सिस्टिम एकाच तारेवर लटकलेली, आणि तीच तार सडकी. त्यांना फसवणारा आणि त्यांचा दुभाषा हा एकच माणूस असणं, ही या कादंबरीतली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे, आणि कॅथर ती अगदी सहज, दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जाते.

शिमर्दा सुरुवातीलाच एक गोष्ट करतो. शेजारच्या बर्डन कुटुंबाच्या आजीच्या हातात तो दोन लिप्यांची अक्षरं असलेलं एक पुस्तक ठेवतो आणि आपल्या मुलीला शिकवा म्हणून विनवतो. कादंबरीच्या नावातला ‘माय’, म्हणजे ‘माझी’, हा शब्द पहिल्यांदा तिथे येतो, बापाच्या तोंडी. आठवणी लिहिणारा जिम बर्डन कादंबरीच्या प्रस्तावनेत आपल्या कागदांवर आधी नुसतं ‘आंतोनिया’ लिहितो, मग थोडा विचार करून पुढे ‘माय’ जोडतो. बरेच वाचक यावरून जिमवर चिडतात. न्यूयॉर्कमध्ये बसलेला रेल्वेचा वकील एका शेतकरी बाईला ‘माझी’ कसं म्हणतो? चिडणं बरोबर आहे. पण मला वाटतं तो शब्द जिमचा नाहीच, त्याने तो ऐकलेला आहे. एका माणसाने मोडक्या परक्या भाषेत केलेली विनंती त्याच्या डोक्यात राहून गेली, आणि तीच पुस्तकाचं नाव झाली.

शिमर्दाला मित्र मिळतात ते दोनच. पावेल आणि पीटर, दोघे रशियन. चेक आणि रशियन या बहिणी-बहिणी भाषा. पूर्ण कळत नाही, पण निभतं. शिमर्दा त्यांच्याकडे जाऊन बसू लागतो. मग पावेल मरतो, कर्जात बुडालेला पीटर सगळं विकून निघून जातो, आणि शिमर्दा त्यांच्या रिकाम्या खोपटात जाऊन बसत राहतो. पावेलच्या मरणाआधीची लांडग्यांची गोष्ट इतकी थरारक आहे की वाचकाला नंतर तीच आठवते. रिकाम्या खोपटात बसलेला म्हातारा निसटून जातो. खरा तपशील तो आहे. पुढच्या काही महिन्यांत, ऐन हिवाळ्यात, शिमर्दा जीव देतो. त्याआधी तो दाढी करतो, आंघोळ करून स्वच्छ कपडे घालतो. व्हायोलिन त्याने सोबत आणलं होतं, पण अमेरिकेत ते एकदाही वाजवलं नाही.

शेतकऱ्याची आत्महत्या म्हटलं की आपण मराठी वाचक लगेच आकडा शोधतो. कर्ज किती, एकर किती, भाव काय मिळाला. विदर्भाच्या बातम्या वाचत मोठी झालेली माझी पिढी, तिला ती सवयच आहे, आणि ते आकडे खरेच असतात. कॅथरच्या कादंबरीतही गरिबी आहे, कुजके बटाटे आहेत, एकाच ओव्हरकोटवर काढलेली थंडी आहे. पण तिच्या गणितात भूक हा एकच आकडा नाही. नाताळच्या दिवशी शिमर्दा बर्डनांच्या घरी येतो तेव्हा तो खाण्यासाठी येत नाही. ऊब, शांतता, स्वच्छ खोली, माणसं, एवढ्यानेच त्याचा चेहरा सैलावतो. मग तो सजवलेल्या झाडासमोर गुडघे टेकून प्रार्थना करतो, आणि कर्मठ प्रोटेस्टंट आजोबांची जरा चुळबुळ होते. ते काही बोलत नाहीत, उलट समजुतीने घेतात. पण त्या चुळबुळीतच दिसतं की या घरात त्याला आश्रय आहे, आपलं माणूस नाही.

अळंब्यांचा प्रसंग तर मला संपूर्ण कादंबरीपेक्षा मोठा वाटतो. मिसेस शिमर्दा परतभेट म्हणून एका छोट्या पुरचुंडीत काहीतरी तपकिरी, सुकलेलं, उग्र वासाचं देते. घरात खायला नसताना जपून ठेवलेलं. बर्डन आजी, जी मनाने खरोखर चांगली आहे, ते काय आहे न कळल्यामुळे चुलीत टाकते. लहानगा जिम त्यातला एक तुकडा चाखतो. ती बोहेमियाच्या जंगलातली सुकवलेली अळंबी होती, हे त्याला कित्येक वर्षांनी कळतं. इथे कोणी दुष्ट नाही. एका बाईने आपल्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट दिली आणि दुसऱ्या चांगल्या बाईने ती जाळली. भाषा नसणं म्हणजे काय, यावर मी याहून नेमकं काही वाचलेलं नाही.

शिमर्दाला दफनभूमीतही जागा मिळत नाही. आत्महत्या केलेला कॅथलिक. नॉर्वेजियन लोकही आपल्या स्मशानात घेत नाहीत. शेवटी त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यात, जिथे पुढे दोन रस्ते एकमेकांना छेदणार आहेत तिथे त्याला पुरतात. पुढे रस्ते येतात, पण थडग्याला वळसा घालून जातात आणि त्या तुकड्यावरचं जुनं गवत तसंच राहतं.

आता रोसिकी. कथा सुरू होते तेव्हा तो पासष्टचा आहे. डॉक्टर एड बर्ले त्याला सांगतो की हृदय कमजोर झालंय, जड काम बंद. बायको मेरी, पाच मुलगे, एक मुलगी. थोरल्या रुडॉल्फचं लग्न झालंय, सून पॉली ही गावातली अमेरिकन मुलगी. कथेत फारसं काही घडत नाही. म्हातारा घरी बसून कपडे शिवतो, कारण तो मूळचा शिंपी, आणि त्याला मागचं आठवतं.

मागचं काय? लंडन. तिथे तो एका गरीब शिंप्याच्या घरात कोपऱ्यात झोपायचा. नाताळच्या आदल्या रात्री घरमालकिणीने उद्याच्या जेवणासाठी लपवून ठेवलेला भाजलेला गूस त्याला भुकेच्या भरात सापडतो आणि तो अर्धा खाऊन टाकतो. मग लाजेने रस्त्यावर धावत सुटतो. तिथे काही श्रीमंत माणसं चेक बोलताना त्याच्या कानावर पडतात. तो त्यांच्याजवळ जाऊन भीक मागतो, आपल्या भाषेत. पैसे मिळतात, तो खाणं विकत घेऊन घरी परततो.

शिमर्दाच्या शेजारी हे ठेवून पाहा. रोसिकीच्या आयुष्यातली सगळ्यात काळी रात्र त्याची भाषा बोलणारे अनोळखी लोक भेटल्यामुळे टळते. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याला चेक मित्र आहेत, संगीत आहे, ऑपेराची स्वस्त तिकिटं आहेत. एका चार जुलैला ओस पडलेल्या शहरात बसून त्याला वाटतं की हे सिमेंट आपल्याला जमिनीपासून तोडतंय. मग तो काय करतो? चेक वर्तमानपत्रं वाचतो. पश्चिमेकडे चेक शेतकऱ्यांच्या वस्त्या आहेत, त्या बऱ्या चालल्या आहेत, हे त्याला त्यातून कळतं. तो पस्तिशीचा, सडाफटिंग, स्वतः ठरवून निघालेला. शिमर्दा बायको, चार मुलं आणि एका दलालाच्या शब्दावर आलेला.

ही वर्तमानपत्रं खरी होती. ओमाहात १८७१ पासून ‘पोक्रोक झापादू’ हे चेक साप्ताहिक निघत होतं. १८९१ मध्ये तिथेच ‘होस्पोदार्झ’ हे खास शेतकऱ्यांसाठीचं चेक नियतकालिक सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या प्रकाशकाचं नाव यान रोसिकी. कथेच्या नायकाचं आडनाव तेच आहे. कथेतली मोटारगाडी आणि सिनेमा पाहता तो काळ १९२० नंतरचा. म्हणजे नायक पस्तिशीत नेब्रास्कात आला तो साधारण १८९० च्या दशकात. पेरणी कधी करायची, कोणत्या तणाचं काय करायचं, हे मायबोलीत छापून घरी येण्याचा काळ. शिमर्दाच्या वाट्याला आला होता एकटा क्रायेक.

म्हणून रोसिकीचं समाधान मला स्वभावापेक्षा सोयीचं फळ वाटतं. ‘सोय’ हा शब्द मी हलका करून वापरत नाहीये. ऑनसाइट गेलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या महिन्यात आपल्या भाषेत ‘हे असं कर, तिथे जाऊ नको’ सांगणारा एक माणूस असणं म्हणजे काय असतं.

आणि रोसिकीला ते पक्कं कळलेलं आहे. कथेचं नाव ‘नेबर’, शेजारी, हे त्यामुळेच. घरात आता परकी कोण आहे? पॉली. चेक कुटुंबात आलेली अमेरिकन सून, शेतावर एकटी पडलेली, शहरातल्या नोकरीची आठवण काढणारी. मुलगा पीक बिघडलं तर ओमाहाला जाऊन नोकरी धरायची भाषा करतोय. रोसिकी उपदेश देत नाही. शनिवारी संध्याकाळी मोटार घेऊन त्यांच्याकडे जातो, गाडी आणि थोडे पैसे देतो, सिनेमाला जा म्हणतो, आणि स्वतः मागे राहून स्वयंपाकघर आवरतो, भांडी घासतो. सासऱ्याने सुनेची भांडी घासण्याचा हा प्रसंग कॅथर कसलाही गाजावाजा न करता लिहिते. शिमर्दासाठी जे कोणी केलं नाही ते रोसिकी पॉलीसाठी करतो: तिचं एकटेपण वेळेत ओळखतो.

पुढे तो रुडॉल्फच्या लसूणघासाच्या शेतातलं काटेरी तण काढायला जातो आणि त्याला झटका येतो. पॉली त्याला आधार देऊन घरात नेते आणि पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणते. त्या तासाभरात ती गरोदर असावी हे त्याला कळतं. अजून नवऱ्यालाही तिने सांगितलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी तो जातो.

इथपर्यंत मी कॅथरच्या बाजूने आहे. यापुढे मला शंका आहेत.

शेवटी डॉक्टर बर्ले स्मशानापाशी गाडी थांबवतो आणि त्याला वाटतं, रोसिकीचं आयुष्य परिपूर्ण होतं. कथा त्याच्या या निष्कर्षाशी सहमत होऊन संपते. पण हा निष्कर्ष डॉक्टरचा आहे. एकटा राहणारा, या घरात येऊन मेरीच्या हातचा नाश्ता करणारा, बाहेरून बघणारा माणूस. रुडॉल्फची जमीन भाड्याची आहे. १९२० नंतर अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले होते आणि कथा छापून आली तेव्हा महामंदी सुरू झालेली होती; धुळीची वादळं पुढच्याच दशकातली. बाप परिपूर्ण झाला, मुलाचं काय, हे डॉक्टर विचारत नाही. एका जुलैमध्ये गरम वाऱ्याने मक्याचं अख्खं पीक एका दुपारी करपलं, आणि रोसिकीने बायकोला घेऊन झाडाखाली पिकनिक केली, ही आठवण मेरी कौतुकाने सांगते. प्रसंग सुंदर आहे. पण या कथेत बँक कधी दारात येत नाही, म्हणून तो सुंदर राहू शकतो.

आणखी एक. अ‍ॅना साडिलेकच्या नवऱ्यावरून कॅथरने दोन पात्रं केली. ‘माय आंतोनिया’च्या शेवटी तो कुझाक म्हणून भेटतो: व्हिएन्नात फरचं काम केलेला, नाटक-संगीत, दिवे आणि गर्दी आवडणारा शहरी माणूस. आंतोनियाने त्याला शेतावर धरून ठेवलंय आणि तो हसतमुखाने राहिलाय, पण जिमला प्रश्न पडतो की एकाला मानवणारं आयुष्य दुसऱ्यालाही मानवतं का. बारा वर्षांनी तोच माणूस रोसिकी होऊन येतो तेव्हा ही टोचणी गायब. आता त्याला शहराची भीती वाटते आणि मुलं तिकडे जाऊ नयेत एवढीच काळजी आहे. कॅथरचे वडील १९२८ मध्ये वारले, त्याच काळात ही कथा लिहिली गेली, तेव्हा हा हळवेपणा समजू शकतो. तरी मला कुझाक अधिक खरा वाटतो. तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा सुखी असतो, आणि व्हिएन्नाही विसरलेला नसतो.

आणि ज्या जमिनीवर हे सगळं चाललंय, ती रिकामी नव्हती. तिथले पॉनी लोक १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवले गेले, म्हणजे शिमर्दा यायच्या काहीच वर्षं आधी. कादंबरीत त्यांची खूण उरते ती बर्फ पडल्यावर गवतात उमटणारं एक मोठं वर्तुळ, जिथे कधी इंडियन घोडे फिरवायचे म्हणतात. जिम ते बघतो, त्याला ते सुंदर वाटतं, आणि तो पुढे जातो. कॅथरही पुढे जाते. इतकी बारीक नजर असलेल्या लेखिकेला अळंबीची पुरचुंडी दिसली आणि हे दिसूनही दिसलं नाही, हे मला अजून पचत नाही.

‘माय आंतोनिया’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, फोनवर बरी वाचता येते. मी सुचवेन तो क्रम असा: आधी तिचा पहिला भाग, शिमर्दा कुटुंबाचा. मग ‘नेबर रोसिकी’. मग परत कादंबरीकडे येऊन शेवटचा भाग, ज्यात आंतोनियाची मुलं जमिनीखालच्या फळांच्या कोठारातून एकामागून एक उजेडात धावत येतात, तिच्या घरात चेक बोललं जातं, आणि शिमर्दाचं न वाजलेलं व्हायोलिन एक नातू वाजवतो.